तीन लीटरची खूण

"ह्यांच्या हातात खुणा केलेलं काहीही देऊ नकोस गं," असं सासूबाईंनी मला कॅन घरात आला त्याच संध्याकाळी बजावलं होतं. त्या भाजी निवडत होत्या, मी लेकीचे बूट हातात घेऊन तिच्यामागे धावत होते, आणि सासूबाईंच्या बहुतेक सूचना देठांसारख्या हलकेच बाजूला काढून ठेवायच्या असतात अशी माझी समजूत होती. मी म्हटलं, "आई, खुणा नाहीत त्या. मापं आहेत. मिलिलीटर."

"तेच ते," त्या म्हणाल्या आणि पुढचा देठ मोडला.

कॅन म्हणजे दुधी रंगाचा, रुंद तोंडाचा प्लास्टिकचा डबा. अंगावर खालून वरपर्यंत रेघा आणि सगळ्यात वरच्या रेघेशी ठसठशीत आकडा: तीन लीटर. आबांची एका दिवसाची आणि एका रात्रीची सगळी लघवी त्यात साठवायची होती. आबा म्हणजे माझे सासरे. लेक त्यांना आबा म्हणते, म्हणून सगळं घर म्हणतं, आणि हल्ली सासूबाईंच्याही तोंडून एखाद्या वेळी 'अहो आबा' निघून जातं.

महिनाभरापूर्वी आबांना मुतखडा झाला होता. हा माणूस आयुष्यभर कोर्टात स्टेनो होता. साक्षीदार रडो की ओरडो, आपण मान खाली घालून लिहायचं, एवढंच त्यांना ठाऊक. त्यामुळे पोटात कळा येत असतानाही ते सोफ्यावर ताठ बसून म्हणाले, "डाव्या बाजूस तीव्र वेदना. नोंद घ्यावी." आम्ही नोंद घेतली आणि रिक्षा बोलावली. खडा दोन दिवसांनी आपला आपण पडला. पण त्याच सोनोग्राफीत कळलं, की आबांचं उजवं मूत्रपिंड जन्मापासूनच लहान आहे आणि सगळा कारभार आजवर एकटं डावं सांभाळतंय. डॉक्टर म्हणाले, "त्या बाजूला पुन्हा खडा होऊन अडकला तर पंचाईत होईल. होतो का ते शोधू या." खडा तपासायला पाठवला. तो निघाला ऑक्झॅलेटचा.

हे ऐकलं आणि मी खुर्चीत सावरून बसले. कारण ऑक्झॅलिक ॲसिड म्हणजे माझ्या माहेरचं माणूस. बीएस्सीला असताना मी त्याच्याबरोबर कितीतरी दुपारी काढल्यात. चंचुपात्रात ऑक्झॅलिक ॲसिड घ्यायचं, वरून ब्युरेट नावाच्या नळीतून जांभळं परमँगनेट थेंब थेंब सोडायचं आणि फिकट गुलाबी रंग टिकला की हात थांबवायचा. माझा हात कधीच वेळेवर थांबला नाही. माझं नेहमी गडद व्हायचं. आमच्या मॅडम म्हणायच्या, "तुला रसायन कळतं, पण पुरे कधी म्हणायचं ते कळत नाही." हे त्यांनी प्रयोगाबद्दल म्हटलं होतं, अशी मी अजूनही स्वतःची समजूत घालते.

हे आम्ल पालकात असतं, बीटात असतं, बदामात, चॉकलेटात, चहात असतं. काही खाल्लं नाही तरी आपलं शरीर स्वतःच्या हिमतीवर थोडंसं बनवतं. शरीराच्या बाबतीत मी काही करू शकत नव्हते. स्वयंपाकघराच्या बाबतीत करू शकत होते. पालक हद्दपार झाला. बीट गेलं. बदामाची बरणी समोरच्या काकूंना दिली. चॉकलेट माझ्या नवऱ्याने स्वतःहून 'नष्ट करतो' म्हणून ताब्यात घेतलं. चहावर गदा आली तेव्हा मात्र आबांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आरोप सिद्ध झाला आहे का?" त्यांनी विचारलं.

"संशय आहे, आबा."

"संशयावरून एवढी शिक्षा?"

तेवढ्यात समोरच्या काकू बदामाची बरणी रिकामी करून परत द्यायला आल्या. त्यांच्या दिरांना मुतखडा होता, आणि हा खडा दर वेळी वाढतो. मी लग्न होऊन आले तेव्हा तो शेंगदाण्याएवढा होता. आता तो लिंबाएवढा झालाय. "दूध बंद करा आधी," काकू म्हणाल्या, "खडा चुन्याचाच असतो, दुधातूनच येतो." त्यांच्यामागून वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनिअर उतरत होते. ते म्हणाले, "दुधाचा काही संबंध नाही. रोज जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून दोन्ही पायांवर उडी मारायची. गुरुत्वाकर्षण." त्यांनी जन्मभर पूल बांधले होते, त्यामुळे गोष्टी खाली कशा पडतात याचा त्यांनी बारकाईने विचार केला असणार. डॉक्टरांना विचारलं तर ते म्हणाले, दूध चालू ठेवा, उड्या मारू नका आणि कॅन भरून आणा.

'भरून आणा' हे त्यांनी सहज बोलण्याच्या ओघात म्हटलं. आबांसमोर शब्द सहज वापरू नयेत, हे त्यांना कोण सांगणार!

पहिला प्रयत्न रविवारी झाला. लॅबमधल्या बाईंनी कॅन थंड ठेवायला सांगितला होता. मी फ्रिज उघडला तर सासूबाई फ्रिजच्या दारात उभ्या. "माझ्या दुधाशेजारी? मी जिवंत असेपर्यंत नाही." म्हणून बाथरूममध्ये एक टब ठेवला, त्यात पाणी आणि बर्फ, आणि बर्फात कॅन. आबा दर वेळी आत जाताना दार लावून घेत आणि बाहेर येताना चेहऱ्यावर असा भाव असे, की आत बंद खोलीत सुनावणी झाली, तपशील विचारू नयेत.

आता माझी लेक त्या वेळी अडीच वर्षांची होती, आणि तिला लहान कमोडवर बसायला शिकवण्याची माझी स्वतंत्र मोहीम चालू होती. तिच्या दर यशाला सगळं घर टाळ्या वाजवत असे. त्यामुळे आबा बाहेर आले की ती बाथरूमच्या दाराशी उभी राहून टाळ्या वाजवायची. "शाब्बास आबा! झाली?" पहिल्या दोन वेळा आबा हसले. तिसऱ्यांदा त्यांनी बाहेर येण्यापूर्वी दार किलकिलं करून बाहेर कोण आहे ते पाहिलं. त्यानंतर ते आत गेल्याचं मला फारसं आठवतच नाही. सगळ्यांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणारी मी, पण तेव्हा माझ्या डोक्यात दुसरंच काही चालू होतं. लेक सकाळपासून शिंकत होती.

कॅनचं झाकण लहान मुलांना उघडता येऊ नये असं बनवलेलं होतं. ते आबांनाही उघडता येईना. म्हणून एकदा उघडल्यावर त्यांनी ते नुसतं वर टेकवून ठेवलं. माझ्या लेकीला मात्र बाथरूमात पाण्याचा टब दिसला, आणि टब म्हणजे आपला, हा तिचा साधा हिशेब. तिने आपलं पिवळं रबरी बदक आणून पाण्यात सोडलं. बर्फात त्याला थंडी वाजेल म्हणून मग उचलून घरात ठेवलं. घर म्हणजे कॅन.

हे आम्हाला कळलं लॅबमध्ये. खिडकीतल्या बाईंनी कॅन उजेडात धरला, हलवला आणि विचारलं, "ह्यात काय वाजतंय?"

"खडा असेल," माझा नवरा आशेने म्हणाला.

बाईंनी झाकण उघडून पाहिलं. मग शांतपणे झाकण लावलं. "बदक आहे," त्या म्हणाल्या. "असा नमुना आम्हाला घेता येत नाही."

नवा कॅन मागितला तर तो डॉक्टरांच्या नव्या चिठ्ठीशिवाय मिळत नव्हता. चिठ्ठीसाठी गेलो तर डॉक्टर परिषदेला गेलेले. त्यांच्या जागी बसलेल्या डॉक्टरांनी आबांना तपासल्याशिवाय चिठ्ठी द्यायला नकार दिला, आणि तपासताना विचारलं, "पहिल्या कॅनचं काय झालं?" माझ्या नवऱ्याने बाहेर जाऊन फोन आल्याचं नाटक केलं. मी शिकलेली बाई, एका मुलीची आई; तरी मला परक्या डॉक्टरांसमोर बदकाची सगळी हकीकत सांगावी लागली. त्यांनी विचारलं, "बदक केवढं?" ह्या प्रश्नाचा उपचाराशी काय संबंध, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

दुसऱ्या कॅनचा दिवस उजाडला, आणि नेमकी त्याच दिवशी आबांची पेन्शन कार्यालयात हयातीचा दाखला देण्याची शेवटची तारीख निघाली. मी म्हटलं, कॅन पुढे ढकलू. आबा म्हणाले, "एकदा दिलेली तारीख ती तारीख." मग हयातीचा दाखला पुढे ढकलू, असं काही मला म्हणता येईना. शेवटी कॅन कापडी पिशवीत, पिशवी आबांच्या हातात, लेक माझ्या कडेवर, अशी आमची वरात निघाली.

कार्यालयाच्या दारात रखवालदार पिशव्या तपासत होता. रांग लांब होती आणि डोक्यावर मोठा पंखा घरघरत होता.

"पिशवीत काय आहे, आजोबा?"

"वैयक्तिक."

त्याने पिशवीत डोकावलं. "पाणी आहे का?"

"पाणी नाही."

"मग काय आहे?"

"त्याचाच शोध चालू आहे," आबा म्हणाले.

रखवालदार चांगला माणूस होता. त्याने समजुतीच्या सुरात सांगितलं, "हे बघा, इथे नियम साधा आहे. आत काही पातळ न्यायचं असलं की माझ्यासमोर एक घोट प्यायचा. प्या आणि खुशाल आत जा."

आबांनी पाठ ताठ केली. "मी नकार देतो. नोंद घ्यावी."

"अहो, आहेच किती त्यात? तळाला तर आहे. एका घोटात संपेल!"

"प्या हो आजोबा," मागून कुणीतरी म्हणालं, "सगळी रांग खोळंबलीय."

मी पुढे होऊन रखवालदाराच्या कानाशी सांगितलं. पंख्यामुळे त्याला ऐकू आलं नाही. मी जरा मोठ्याने सांगितलं. "काय?" तो म्हणाला. तेव्हा मी ते अशा आवाजात सांगितलं, की पंखासुद्धा क्षणभर थांबल्यासारखा वाटला. माझ्या कडेवरून लेकीने टाळ्या वाजवल्या. "शाब्बास आबा!"

मग रांगेला कंठ फुटला. रांगेतल्या प्रत्येकाच्या घरी खडा होऊन गेला होता. कुणी म्हणालं, रोज काकडी खा. कुणी म्हणालं, काकडी चुकूनही खाऊ नका. एक आजी तर आपली जागा सोडून माझ्याशी बोलायला पुढे आल्या आणि नंतर तिथेच थांबल्या, त्यामुळे मागे वेगळं भांडण सुरू झालं. रखवालदाराने कॅन घेऊन आपल्या स्टुलाखाली ठेवला, वर वर्तमानपत्र टाकलं आणि हात धुवायला गेला. आत कारकुनाने आबांना ठरलेला प्रश्न विचारला, "आपण हयात आहात ना?"

"सध्या आहे," आबा म्हणाले. "पुरावा दारात ठेवावा लागला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी कॅन स्वतः आणून टेबलावर ठेवला. काठोकाठ. वरच्या रेघेला पातळी अशी टेकलेली, की मी कॉलेजात ब्युरेट कधी इतकी नेमकी भरली नव्हती. रंगही पाण्यासारखा. मला इतका आनंद झाला, की काल रखवालदार काय म्हणाला होता ते मला आठवलंच नाही. लॅबमधल्या बाईंनी कॅन उजेडात धरला, हलवला, काही वाजत नाही याची खात्री केली आणि म्हणाल्या, "वा! नमुना असा हवा." आबांनी किंचित मान झुकवली. निवृत्तीनंतर त्यांच्या कामाचं कुणी कौतुक केलं नव्हतं.

अहवाल आला तेव्हा आमचे नेहमीचे डॉक्टर परतले होते. त्यांनी तो दोनदा वाचला.

"ऑक्झॅलेट बेताचंच आहे," ते म्हणाले. "आणि पाणी तर आबा फार छान पितात. तीन लीटर! बहुतेक खडे कमी पाण्याने होतात, तो प्रश्नच मिटला. खाण्यातही काही दिसत नाही." त्यांनी चष्मा काढला. मला डॉक्टरांनी चष्मा काढलेला आवडत नाही. "मानेत बारीक ग्रंथी असतात. त्या बिघडल्या तरी खडे होतात. आणखीही काही दुर्मीळ कारणं आहेत. एका मूत्रपिंडाच्या भरवशावर मी थांबणार नाही. मोठ्या रुग्णालयात चिठ्ठी देतो, दाखल करून सगळं पाहतील."

 घरी येताना आबा रिक्षात बाहेर बघत होते. सासूबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला होता, आणि त्यांनी तो काढला नव्हता. बाहेर एवढी जवळीक आबांच्या शिस्तीत बसत नाही. त्यावरून मला कळलं की तेही घाबरलेत.

रुग्णालयात जायच्या दिवशी मी सकाळपासून पिशवी भरत होते. टॉवेल, चप्पल, आबांचा रेडिओ. तेवढ्यात लेकीच्या फ्रॉकचं वरचं निळं बटण गायब असल्याचं दिसलं. झालं! पिशवी तशीच राहिली. आधी तिचं तोंड उघडून पाहिलं. मग पलंगाखाली, गादीखाली, तिच्या मुठीत. काकूंना हाक मारली; त्या म्हणाल्या, केळं खायला घाल, उद्यापर्यंत येईल बाहेर. इंजिनिअरांनी जिन्यातूनच विचारलं, "उडी मारू शकते का ती?" माझ्या डोळ्यांपुढे लेकीच्या पोटाचा एक्स-रे आणि त्यात चार भोकांचं बटण स्पष्ट दिसू लागलं. लेकीला विचारलं, "बटण कुठे?" ती म्हणाली, "पोहायला गेलं."

बटण आबांच्या पेल्यात होतं. त्यांच्या खुर्चीशेजारच्या स्टुलावर पाण्याचा पेला, भरलेला, आणि तळाशी निळं बटण. मी तिथेच फतकल मारून बसले आणि हुश्श केलं. पेला उचलला. तो मी आबांना नाश्त्याबरोबर भरून दिला होता, आणि आता जेवायची वेळ होत आली होती. एक थेंब कमी झालेला नव्हता.

"आबा, हे पाणी सकाळचं?"

"पितो नंतर."

"आणि रात्रीचं तांब्यातलं?"

"तेही आहे. वाया गेलेलं नाही."

माझी लेक दिवसाला किती वेळा कमोडवर बसते, हे मला झोपेतून उठवून विचारलंत तरी सांगेन. आबांच्या पेल्याकडे मी फक्त भरण्यापुरतं पाहत होते. पण बीएस्सी झालेल्या बाईला एवढं तरी कळतं, की जे आत गेलंच नाही ते तीन लीटरच्या खुणेपर्यंत बाहेर येत नाही. मग तो रखवालदार आठवला. एका घोटात संपेल, म्हणाला होता.

"आई," मी हाक मारली. सासूबाई ओले हात पुसत आल्या. मी पेला दाखवला, मग आबांकडे पाहिलं. त्यांना आणखी काही सांगावं लागलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "कॅनमध्ये काय घातलंत?"

आबा खुर्चीत ताठ बसले. मग त्यांनी साक्ष दिली. "सकाळी पाहिलं तर तळाला बोटभर होतं. वर खूण तीन लीटरची. अर्धवट रकाना सोडून मी कधी कागद वर पाठवला नाही. साहेबांपुढे नाही, तर डॉक्टरांपुढे कसा पाठवू? नळाचं पाणी घातलं. स्वच्छ होतं."

सासूबाईंनी माझ्याकडे एकदाच पाहिलं.  बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण आबा, पाणी का नाही पीत तुम्ही?" मी विचारलं. "लेक टाळ्या वाजवते म्हणून?"

"छे छे. तिच्यामुळे बरंच वाटतं." ते हसले. मग म्हणाले, "अगं, न्यायाधीशसाहेब उठल्याशिवाय स्टेनोला उठता येत नसे. साक्ष चालू असली की तासन्‌तास. एकदा नवीन असताना मला मध्येच बाहेर जावं लागलं. सगळं कोर्ट थांबलं. वकील, साक्षीदार, तो आरोपीसुद्धा बसून राहिला माझ्यासाठी. परत आलो तर सगळे माझ्याकडे बघत होते. त्या दिवसापासून सकाळी एक कप चहा, आणि मग काम संपेपर्यंत काही नाही. आता साहेब नाहीत, कोर्ट नाही. पण तहानच लागत नाही. ती कधी लागायची बंद झाली, ते काही लक्षात आलं नाही."

आणि तो एक कप चहाही मी बंद केला होता.

रुग्णालयाऐवजी आम्ही पुन्हा डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, हसू दाबलं, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "म्हणजे चोर सोडून आपण पालकाला फाशी देत होतो," ते म्हणाले. "आहे तेवढंच ऑक्झॅलेट, पण बोटभर पाण्यात. खडा होईल नाही तर काय! दाखल व्हायचं तूर्त थांबवू. आबांनी पाणी प्यायचं, मग पुन्हा एकदा कॅन. खरा." पालक प्रमाणात, दुधाबरोबर घ्यायला परवानगी मिळाली. चहाही एक कप सुटला, जामिनावर.

सांगितलं म्हणून लगेच पाणी पिणाऱ्यातले आबा काही नव्हते. औषधासारखा पेला हातात घेत आणि दोन घोटांत खाली ठेवत. माझ्या नवऱ्याने मोबाइलवर गजर लावून दिला. आबा गजर बंद करत आणि पेला तसाच राही. तोडगा निघाला तो सासूबाईंकडून. एका दुपारी त्यांनी नातीला उंच खुर्चीवर बसवलं, अंगावर माझी काळी ओढणी टाकली आणि तिच्या कानात काहीतरी सांगितलं. लेकीने हातातला चमचा ताटावर आपटला आणि ओरडली, "कोट उठलं!"

आबा दचकले. मग त्यांनी खरोखर चष्मा नीट केला, पेला उचलला, उभे राहून संपवला आणि बाथरूमकडे गेले. परतले तेव्हा दाराशी टाळ्या वाजवायला आम्ही तिघीही होतो.

आता दिवसातून किती तरी वेळा आमच्याकडे कोर्ट उठतं. समोरच्या काकूंना हा आवाज सुरुवातीला भांडणाचा वाटला होता. तिसऱ्या कॅनमध्ये वरच्या रेघेपासून बरंच खाली, पण सगळं खरं होतं. लॅबमध्ये कॅन दिल्यावर आबा खिडकीपाशी घुटमळले. "अपुरा वाटतो का?" त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "नाही हो, छान आहे." तेव्हा कुठे ते निघाले. पुढची सोनोग्राफी अजून व्हायची आहे. त्यांच्या डाव्या मूत्रपिंडासाठी मी काय काय मागते, ते इथे लिहीत नाही.

तुम्हाला एकच विनंती आहे. तुमच्या घरात किंवा शेजारी असं कुणीतरी असेल. जन्मभर तिकिटाच्या खिडकीत बसलेलं, बस चालवलेलं, एकामागून एक तास वर्गात उभं राहिलेलं. ज्याला मध्येच उठता आलं नाही असं कुणी. त्यांना 'पाणी प्यायलात का?' असं विचारू नका. 'हो' म्हणतील, आणि खोटं बोलतोय असं त्यांना वाटणारही नाही. उठा, त्यांच्याजवळ जा, आणि पेल्यात किती उरलंय ते आपल्या डोळ्यांनी पाहून या.